उंदरांची पंगत

२० जून

पुण्याहून उंदीर आले. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे, आणि आमच्या निम्म्या प्राध्यापकांपेक्षा चलाख. आष्ट्याजवळ उसाच्या फडांत उभ्या असलेल्या आमच्या फार्मसी कॉलेजला आता स्वतःचं अ‍ॅनिमल हाऊस आहे. म्हणजे सायकल स्टँडमागची जुनी खोली, तिला एक एसी आणि दारावर पाटी. संस्थेचे अध्यक्ष आप्पासो यांनी नारळ फोडला. दारातून त्यांचं पोट आधी आत गेलं, मग ते गेले. "मॅडम, लठ्ठपणावर काम करताय म्हनं. मग आमालाच ठेवा की पिंजऱ्यात," असं म्हणून ते हसले, म्हणून बाकीचेही हसले. मग लठ्ठपणाच्या प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं म्हणून सगळ्यांनी तिथंच उभं राहून पेढे खाल्ले. त्यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही.

प्रयोगाची वही वेगळी आहे. तिच्यात वजनं आणि तापमान लिहायचं. माणसांबद्दल लिहायला ही.

माझ्या पीएच.डी.ची मुदत फेब्रुवारीअखेर संपते. एकदा वाढवून झाली, आता वाढणार नाही. प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, आणि नोंदणी रद्द झाली की ही नोकरीही गेली. शेवग्याच्या पाल्याचा अर्क दिला तर अंगावर चरबी कमी चढते का, एवढंच या उंदरांनी मला सांगायचं आहे. त्यासाठी आधी त्यांना लठ्ठ करायचं. आमच्या भागात ते अवघड जाऊ नये.

२७ जून

साताऱ्याला जाऊन आले. माझे गाईड डॉ. वीरधवल निकम यांचं म्हणणं, परदेशी चरबीयुक्त खाद्य मागवू. ते येईपर्यंत माझी मुदत संपेल. मी म्हटलं, सर, तिकडं उंदरांना बिस्किटं, चिप्स, चॉकलेट घालून फुगवतात, त्याला कॅफेटेरिया डाएट म्हणतात. आपण आपलं घालू. कंदी पेढे, भडंग, शेव. सर खूश झाले. "हे ओरिजिनल आहे, राजेश्वरी," म्हणाले आणि मी नमुना म्हणून आणलेल्या पेढ्यांतले दोन उचलले. बोलता बोलता तिसरा. प्रबंधात सरांचं नाव माझ्या नावानंतर येतं, पेढ्यांत आधी.

परतीच्या एसटीत मीही एक खाल्ला. चव माहीत असावी म्हणून.

तीन गट केलेत. एका गटाला नुसतं कोरडं खाद्य, म्हणजे बाजारच्या गोळ्या. हे कंट्रोल, यांच्याशी बाकीच्यांची तुलना करायची. दुसऱ्याला गोळ्या, पेढे, भडंग, शेव. तिसऱ्याला तेच सगळं आणि वर शेवग्याचा अर्क. कंट्रोल बारीक राहिले पाहिजेत, नाहीतर बाकीचं सगळं फुकट.

६ जुलै

सृष्टीला घेऊन शिंप्याकडे गेले. सातवीचा गणवेश. तो टेप गुंडाळत म्हणाला, "म्याडम, पोरीला जरा ढिलं शिवू का? वाढतं अंग हाय." दुकानात दोन बायका होत्या, दोघींनी सृष्टीकडं पाहिलं. मला तोंड लपवावंसं वाटलं. लठ्ठपणावर संशोधन करणारी बाई, आणि पोरीच्या गणवेशाला चार बोटं कापड जास्त.

मी शाळेत असताना मला गुळाची ढेप म्हणायचे. मास्तरसुद्धा. सृष्टीला तसं कुणी म्हणायला नको. आजपासून तिचं ताट ठरवून दिलं. एक भाकरी, पालेभाजी, कोशिंबीर, ताक. भात नाही, तूप नाही, गोड नाही.

यशराज पाचवीत. त्याची जानेवारीत सैनिक शाळेची परीक्षा आहे आणि तो काठीसारखा. त्याला दूध, अंडी, तूप, खारीक चालूच राहणार. दोघांची गरज वेगळी, ताट वेगळं. पण सासूबाईंना हे पटेल तर ना. आत्या (मी त्यांना आत्याच म्हणते, नाव मनुबाई) सृष्टीच्या ताटाकडं बघून म्हणाल्या, "चार लेकरं वाडवली म्या. असलं वाडप कवा केलं न्हाई." त्यांच्या चार लेकरांतल्या एकाला शुगर आहे आणि एकाला बीपी, ते त्या सांगत नाहीत. तिसरे माझे यजमान, ते लष्करात आहेत, म्हणून सरकार त्यांना पळवतं.

२ ऑगस्ट

वजनं घेतली. पेढेवाले वाढले. अर्कवाले त्यांच्याहून कमी वाढले. आणि कंट्रोल? तेही वाढले! कोरड्या गोळ्या खाऊन! शेपटीला धरून काट्यावर ठेवला की काय गुबगुबीत बसतात. काटा बिघडला असेल म्हणून मी काट्यावर वजनं ठेवून पाहिली. काटा बरोबर आहे.

निकम सरांना फोन केला. "ताण असेल," म्हणाले. "ताणानं वजन वाढतं." एसीच्या खोलीत झोपून असणाऱ्या उंदरांना कसला ताण? ताण मला आहे.

घरी मात्र काम नीट चाललंय. सृष्टीनं कुरकुर केली नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा रडली, आता नाही. मुलं शिस्तीला सरावतात, मोठ्यांना फक्त धीर हवा.

१९ ऑगस्ट

कंट्रोल अजून वाढले. अर्क चालतोय की नाही हे मी कुणाशी तुलना करून सांगणार? दोन महिने गेले. मला जेवण जाईना. आत्या म्हणाल्या, "उंदरांपायी जेवत न्हाईस व्हय?"

२२ ऑगस्ट

सापडलं. जेवणाच्या सुट्टीत कुणाला न सांगता अ‍ॅनिमल हाऊसला गेले. आमच्या अंबूबाई तिथं साफसफाईला आहेत. जतकडच्या, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातल्या. पिंजऱ्यातलं तूस बदलायचं, पाणी घालायचं, मी दिलेलं खाद्य ठेवायचं, एवढं काम. बाई कंट्रोलच्या पिंजऱ्याचं झाकण उघडून पेढ्याचे तुकडे आत टाकत होत्या. नीट, सगळ्यांना सारखे. पोरांना खाऊ वाटावा तसे.

माझा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला असणार. त्या अजिबात घाबरल्या नाहीत. मला वाटतं, त्यांनी चूक केली आहे हेच त्यांना कळलं नव्हतं.

"आवं मॅडम, एका रांगंत बशिवल्यात समदी. हिकडल्यांच्या म्होरं पेढा, भडंग, आन् तिकडल्यांच्या म्होरं कोरडं. वास तर त्येस्नीबी येतोय न्हवं? जाळीला नाक लावून बसत्यात. वाडप्यानं पंगतीत आसं केलं तर खानाऱ्याच्या पोटात दुखतंय, आन् वाडणाऱ्याला पाप लागतंय."

"अंबूबाई, ही पंगत नाही. हा प्रयोग आहे."

"व्हय, पर जेवत्यात तर खरंच की."

कोरड्यांनाही पेढा म्हणजे माझं सगळं काम पाण्यात. मी म्हटलं, तुम्ही माझे दोन महिने मातीत घातलेत. त्या म्हणाल्या, "मला सांगायचं हुतं मॅडम. त्येस्नी येगळ्या खोलीत ठिवलं आसतं." चोरी करून वर सल्ला.

मी प्राचार्यांकडे गेले. अंबूबाईंना उद्यापासून लायब्ररीच्या झाडलोटीला पाठवलंय. तिथं पंगतीला फक्त पुस्तकं आहेत.

२५ ऑगस्ट

पहिली सगळी जनावरं बाद. नवे उंदीर सप्टेंबरअखेर मिळतील. जानेवारीअखेर प्रयोग संपेल, फेब्रुवारीत लिहायचं आणि महिनाअखेर सरांची सही घेऊन जमा करायचं. एक आठवडा जरी इकडे तिकडे झाला तर संपलं.

यजमानांचा, म्हणजे राजवर्धनचा, राजस्थानातून व्हिडिओ कॉल आला. मी सगळं सांगितलं. ते हसले. "म्हातारीनं उंदरांना जेवायला घातलं एवढंच ना?" म्हणाले. मग सृष्टीला बोलवायला सांगितलं. तिला पडद्यावर बघून म्हणाले, "अरे, केवढी बारीक झाली माझी वाघीण!" मला बरं वाटलं. घरातल्या कुणीतरी दखल घेतली.

१ ऑक्टोबर

नवे उंदीर. या वेळी सगळं मी करते. रविवारीसुद्धा जाते. आत जाताना कुलूप, बाहेर येताना कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. स्टाफरूममध्ये मला उंदीरवाली म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणोत. त्यांच्यातल्या एकालाही आपण शेवटचा शोधनिबंध कधी लिहिला ते आठवत नसेल.

कंट्रोल खरंच जाळीला नाक लावून बसतात. हे मी आधी कसं पाहिलं नव्हतं? त्याचा वजनाशी काही संबंध नाही, म्हणून वहीत लिहिलेलं नाही.

२३ ऑक्टोबर

दिवाळी झाली. आत्यांनी फराळाचे डबे भरले, मला न विचारता. सृष्टीच्या ताटलीत मी एक चकली ठेवली, सणाचा दिवस म्हणून. तिनं चकलीकडं पाहिलं आणि ताटली माझ्याकडं सरकवली. "मला नको मम्मी. यशला दे." मी जवळ घेतलं तिला. इतका मनोनिग्रह मोठ्या माणसांना नसतो. आप्पासोंना तर मुळीच नाही, परवा स्टाफच्या फराळात त्यांनी करंज्यांचं ताट एकट्यानं संपवलं.

सृष्टी आता रोज सकाळी स्वतःहून वजन करते आणि मला येऊन सांगते. न विचारता. माझ्या एमफार्मच्या विद्यार्थ्यांना हे मी वर्षभर शिकवतेय, अजून जमलेलं नाही.

१७ नोव्हेंबर

काय सुंदर आलेख येतोय! पेढेवाल्यांची रेघ वर, अर्कवाल्यांची मधून, कंट्रोलची खाली, सरळ. निकम सरांना पाठवला. त्यांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. ते हल्ली फोनवर फक्त अंगठ्यानं बोलतात.

आत्यांनी आज जेवताना स्वतःच्या ताटातला गुळाचा खडा सृष्टीच्या भाकरीखाली सरकवला. मी पाहिलं. काढून घेतला. घरात दुसरी अंबूबाई नको.

"लेकराचं त्वांड बग," आत्या म्हणाल्या.

तोंड कशाला बघायचं? वजन घेतलं की कळतं.

९ डिसेंबर

शाळेतून फोन. खेळाच्या तासाला सृष्टीला चक्कर आली, मैदानावर बसली. तिच्या वर्गशिक्षिका अंकिता मॅडम, नव्या आहेत, त्या मला विचारतात, "घरी नाश्ता करते का ती?" मी म्हटलं, मी फार्मसीत आहे, मला आहारातलं कळतं. डब्यातलं मैत्रिणींना देऊन टाकते, असंही त्या म्हणाल्या. एका भाकरीचा डबा, त्यातलं देऊन टाकायला काय असतं? मैत्रिणीच भुकेल्या असतील. तपासणीत रक्त थोडं कमी निघालं, तर या वयात मुलींचं असतंच. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या.

एक गोष्ट लिहून ठेवते, इथं कुणी वाचत नाही म्हणून. गेले दोन आठवडे सृष्टीचं वजन मी ठरवून दिलेल्या आकड्याच्याही खाली आलंय, आणि आता पुरे असं मी तिला अजून म्हटलेलं नाही. म्हणायचं होतं. मग वाटलं, इतकी छान चालली आहे, मध्येच कशाला थांबवा?

११ जानेवारी

पलूसला गेलो होतो, आत्यांच्या माहेरी. त्यांच्या भाच्याच्या नव्या घराची वास्तुशांत. मांडवात पंगत. बुंदी, वांग्याची भाजी, पुरी, भात, वर तुपाची धार. यशराज परीक्षा देऊन आलेला, त्याला तर मोकळं रान. सृष्टी पंगतीत बसली, पण बुंदीवाला आला तेव्हा तिनं पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले. पुरीवाला आला, तेव्हाही. भाजीवाला, तेव्हाही. वाढपी विचारायला लागला, "काय बाळ, उपास हाय काय?" माणसं बघायला लागली. मग ती उठली आणि मांडवाबाहेर जाऊन उभी राहिली. रिकामी पत्रावळ तशीच.

आत्यांच्या पत्रावळीवर सगळं वाढून झालं होतं. त्या उठल्या. भरल्या पत्रावळीवरून, माहेरच्या मांडवात, चार माणसांदेखत. त्यांचा भाऊ धावत आला, "मनुताई, काय झालं गं? काय चुकलं आमचं?" आत्या म्हणाल्या, "तुजं काय न्हाई चुकलं. पोर उपाशी उठली, मी कशी जेवू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळा मांडव माझ्याकडं बघतोय. कुणी कुजबुजलं, "आई शिकल्याली हाय न्हवं?" या असल्या लोकांचं मला काय! कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्यानं सांगितलेलं औषध घेणारी माणसं.

आत्या परत आल्या नाहीत. पलूसलाच राहिल्या. "तुजं झालं की बोलीव," म्हणाल्या. काय झालं की, ते सांगितलं नाही.

३१ जानेवारी

प्रयोग संपला. शेवटची वजनं, रक्ताचे नमुने, आणि मग सगळ्या उंदरांना बेशुद्ध करून संपवायचं, कारण यकृत आणि चरबी काढून तपासायची असते. नियमाप्रमाणे, प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या समितीला कळवून, सगळं रीतसर. अर्क चालतो. अर्कवाल्यांच्या यकृतावर चरबी कमी. मी अ‍ॅनिमल हाऊसमध्ये एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

कंट्रोलची यकृतं अगदी पुस्तकातल्यासारखी.

२६ फेब्रुवारी

प्रबंध बांधून आला. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. उद्या सकाळच्या एसटीनं साताऱ्याला जाऊन सरांची सही घ्यायची, आणि परवा विद्यापीठात जमा. परवाच शेवटची तारीख. आप्पासोंनी सत्कार ठरवलाय, अर्थात पेढे वाटून.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ

त्याच पानावर पुन्हा लिहिते आहे.

जेवायला बसलो. यशराज, सृष्टी, मी. मी खुशीत होते, सृष्टीला प्रबंधातले फोटो दाखवत होते. तिनं विचारलं, "आता ते उंदीर कुठं आहेत?"

मी सांगितलं. प्रयोग संपला की काय करतात ते. लपवायचं कशाला, सातवीत आहे.

"सगळे?"

"सगळेच संपवावे लागतात."

"बारीक राहिले होते ते पण?"

"ते पण."

तिनं थोडा विचार केला. रागानं नाही, खरोखर कळत नाही म्हणून विचारतात तसं विचारलं, "मग मम्मी, त्यांना पेढा द्यायला काय झालं होतं?"

तुलनेसाठी, बाळा. कंट्रोल नसेल तर काही सिद्ध होत नाही. असं मी म्हणाले. म्हणताना माझं मलाच ऐकू येत होतं. यशराज जेवायचा थांबला होता. सृष्टीनं मान हलवली, समजलं अशी. ती हल्ली सगळ्यालाच तशी मान हलवते.

मग मी उठले, तूप आणलं, भात आणला आणि तिच्या ताटात वाढायला वाकले. "आज खा," म्हटलं. तिनं ताटावर हात धरला. "नको."

"मी सांगते आहे ना, सृष्टी. पुरे झालं आता. खा."

"नको मम्मी. मी छान चाललेय."

मी तिचा हात बाजूला करायला गेले, तर हातातली बांगडी घसरून सरळ कोपरापर्यंत गेली. गेल्या वर्षीच्या संक्रांतीला ती मनगटावर चढवताना साबण लावावा लागला होता. मी तो हात धरून बसले. थंड होता. त्याच्यावर बारीक लव आली होती, आधी नव्हती तशी. उपासमारीनं अंगावर अशी लव येते, हे मी वर्गात शिकवते.

वजन मला रोज कळत होतं. हात मी आज पाहिला.

मला फार भीती वाटली. ती अजून गेलेली नाही.

आत्यांना फोन लावला. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, "जेवली का?" मी म्हटलं, नाही. "येती मी सकाळी," म्हणाल्या.

सकाळी साताऱ्याची गाडी आहे. प्रबंध दाराजवळ पिशवीत ठेवलेला आहे, तो तिथंच राहू दे. आत्या आल्या की आम्ही सृष्टीला घेऊन सांगलीला जातोय, डॉक्टरांकडे.